नानीबाईच्या नावचा रेचा

हेमसिंग मुकादमाला लिहितावाचता येत नव्हतं, पण बावीस नावं त्याला अशी पाठ होती की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी एकही मागंपुढं झालं नसतं. ही बावीस नावं म्हणजे धनजच्या पलीकडे नाल्याच्या काठाला वसलेल्या त्याच्या तांड्यातली बावीस घरं, आणि ती बावीस घरं म्हणजे कारंज्याच्या एका कापसाच्या जिनातले बावीस रेचे. कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र म्हणजे रेचा. त्याच्यापुढे एक बाई दिवसभर उभी राहून मुठीमुठीने कापूस चारत राहते. पुढून रुई पडते, खालून सरकी. बाई थांबली की रेचा नुसता खडखडतो. तो खडखडाट हेमसिंगला शंभर पावलांवरूनही ओळखू यायचा, आणि तो त्याला आपलीच बेअब्रू झाल्यासारखा वाटायचा.

स्वराज्याच्या दोन वर्षं आधी जिनाच्या म्हाताऱ्या शेठने त्याला बाजारात गाठून विचारलं होतं की दिवाळीपासून होळीपर्यंत रेच्यांवर उभ्या राहतील अशा बाया मिळतील का. हेमसिंग तेव्हा पस्तिशीचा होता. त्याने ही गोष्ट तांड्याचा प्रमुख असलेल्या भाऊसिंग नायकाच्या कानावर घातली. नायकाने तांड्याची बैठक बसवली आणि ठरवलं की काम तांड्याचं आहे, म्हणून ते तांड्यात वाटून जाईल. एका घरातून एक बाई, कोणाच्याही घरी दोन नाहीत, कोणाचं घर वगळलेलं नाही. अशा बावीस जणी हेमसिंगच्या मागून कारंज्याला आल्या आणि जिनाच्या मागच्या पडीत पालं ठोकून राहिल्या.

हजेरी लिहिणारा कारकून रामकिसन. तोही तेव्हा नवाच होता. सगळ्यांत पुढे उभी होती नानीबाई. तिचं नाव त्याने पहिलं लिहिलं आणि वय विचारलं. नानीबाई हसली. वय कोणी मोजलं होतं? रामकिसनने तिच्याकडे एकदा पाहिलं, तिच्या हातातल्या पांढऱ्या बांगड्यांकडे पाहिलं, आणि लिहिलं चाळीस. तसंच अंदाजाने बाकीच्यांचं. ही पानं पुढे दर हंगामाला नव्या वहीत उतरवली गेली. नाव तेच, वय त्या वर्षाचं एकाने वाढवलेलं. रामकिसन अशा बाबतीत नीटनेटका माणूस होता.

आता तांड्यात पाच महिने एकच बाई घराबाहेर राहणार म्हटलं तर घर चालत नाही. कोणाला दिवस गेलेले असतात, कोणाचा सासरा अंथरुणाला खिळलेला असतो, शेळ्या असतात, तुरीची कापणी असते. म्हणून पहिल्याच हंगामात, महिना व्हायच्या आत, बदली सुरू झाली. बाजाराच्या गाडीने एक बाई यायची, पालापुढे उतरायची, आणि दुसरी त्याच गाडीत बसून तांड्याला जायची. रेचा एक मिनिट थांबायचा नाही.

रामकिसनला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात त्याने हेमसिंगला खिडकीशी बोलावलं. म्हणाला, "मुकादम, ही नानीबाई कालपासून वीतभर बुटकी काहून झाली?"

हेमसिंगने सगळं सांगितलं. नानीबाई घरी गेली, तिची जाऊ आली, पण घर तेच आहे. रामकिसनने टाक कानावर ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाला की रेचा रिकामा राहिला नाही म्हणजे झालं, त्याला बाकी काय करायचंय. नाव त्याने बदललं नाही. बदललं असतं तर दर आठवड्याला चार नावं खोडावी लागली असती, आणि खाडाखोड त्याला आवडत नसे.

तेव्हापासून ते नाव बाईचं राहिलं नाही, घराचं झालं. सकाळी भोंग्याच्या आधी रामकिसन नावं घ्यायचा आणि ज्या घराचं नाव त्या घरातली जी असेल ती "हाजर" म्हणायची. बारा हंगाम असे गेले. मधल्या काळात नानीबाई तापाने गेली. तेव्हा तिची धाकटी सून रुपाबाई रेच्यावर होती. ती तांड्याला गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. रामकिसनने नेहमीसारखं पहिलं नाव घेतलं, "नानीबाई." बाया रुपाबाईकडे बघायला लागल्या. मग रुपाबाई म्हणाली, "हाजर." त्या दिवशी रामकिसनलाही ओशाळल्यासारखं झालं आणि त्याने हेमसिंगला विचारलं की नाव बदलून टाकू का. हेमसिंगने रुपाबाईला विचारलं. ती म्हणाली, राहू द्या, दिवसातून एक वेळ सासूचं नाव कोणी घेते तर घेऊ द्या.

नानीबाईला दोन सुना. थोरली धनीबाई, धाकटी रुपाबाई. दोघी महिना महिना वाटून घ्यायच्या. अमावास्येच्या बाजारी धनीबाई गाडीतून उतरली की रुपाबाई तिच्या कडेवरचं पोर घ्यायची आणि आपल्या तोंडाला बांधलेलं जाड निळं फडकं सोडून तिच्या हातात द्यायची. रुईचा तूस नाकातोंडात जाऊ नये म्हणून सगळ्याच जणी असं फडकं बांधायच्या. यांच्यात मात्र एकच होतं. ते नानीबाईचं. फडकं एकीने दिलं, पोर दुसरीने दिलं, की बदली झाली. पुढच्या महिन्यात उलटं. हेमसिंग पालाशी बसून हे बघायचा. त्याला त्यात बघण्यासारखं काही आहे असं कधी वाटलं नाही, पण तो बघायचा.

सगळ्या तांड्यात एक सोनीबाई तेवढी वेगळी. ती कधीच कोणाला जागा देत नसे. बहिणीचं बाळंतपण आलं तरी ती रेच्यावरून हलली नाही. तांड्यात तिला नावं ठेवायचे. हेमसिंगनेही एकदोनदा तिला ऐकवलं होतं की घरात बाकीच्या बाया काय बाहुल्या आहेत का. ती कापूस चारत राहायची.

मग म्हातारा शेठ खाटेला लागला आणि त्याच्या पुतण्याने कारभार हाती घेतला. त्याच सुमारास आपला मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता, आणि जिनातही रोज काहीतरी नवं ऐकू यायचं. जिनाच्या शेजारी तेलाची गिरणी उभी राहू लागली. सरकी आता बाहेर जाणार नव्हती, तिचं इथेच तेल निघणार होतं. अकोल्याकडून एक मॅनेजर आले. तरुण, चष्मेवाले, बोलायला मऊ. त्यांनी पहिल्या दिवशी प्रत्येक रेच्याशी थांबून बाईला नमस्कार केला. बाया दिवसभर त्यावरून हसल्या.

होळीच्या आठ दिवस आधी त्यांनी हेमसिंगला आत बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. हेमसिंग बारा वर्षांत त्या खोलीत कधी बसला नव्हता. तो खुर्चीच्या कडेला टेकला. मॅनेजरांनी त्याला सावकाश समजावून सांगितलं. पुढच्या हंगामापासून मुकादमी राहणार नाही. कंपनी आपली माणसं आपण ठेवणार. ज्यांची हजेरी सलग पाच हंगाम वहीत आहे त्यांना कायम करायचं. त्यांना नंबर असलेला पितळी बिल्ला मिळेल, आणि हंगाम संपला तरी सरकीच्या कोठारात नाहीतर तेलाच्या गिरणीत बारा महिने काम राहील. बाकीचे लागतील तसे रोजच्या रोज फाटकावर घेतले जातील.

या सगळ्यातलं हेमसिंगच्या कानात राहिलं ते बारा महिने. मुकादमी जाणार याचं त्याला त्या घटकेला काहीच वाटलं नाही. तो त्याच दुपारी तांड्याकडे चालत निघाला आणि दिवेलागणीला पोहोचला. नायकाच्या ओट्यावर माणसं जमली. त्याने सांगितलं की बावीसच्या बावीस नावं बारा हंगामांची आहेत, पाचांचं काय घेऊन बसलात. नायक आता म्हातारा झाला होता, पण विचारायचं ते त्याने विचारलंच.

"बिल्ला कोणाचा होईन, हेमसिंग? बाईचा का घराचा?"

"रेचा ज्याचा, बिल्ला त्याचा," हेमसिंग म्हणाला. "दुसरं काय राहीन?"

त्याने हे मॅनेजरांना विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही आहे हेच त्याच्या ध्यानात आलं नाही. पावसाळ्यात खायचे वांधे होणार नाहीत या आनंदात त्या रात्री तांड्यात ढोलकं वाजलं. ठरलं असं, की बिल्ल्याच्या दिवशी ज्या घरातून ज्या बाईची पाळी असेल ती जाईल आणि घराच्या नावावर अंगठा देईल.

बिल्ले द्यायच्या दिवशी जिनाच्या अंगणात टेबल मांडलं होतं. टेबलावर लाकडी पेटीत बिल्ले होते, नवे, चकचकीत. मॅनेजर मधे, बाजूला रामकिसन वही उघडून, समोर बाया ओळीने. ठेवणीतले घागरे घालून आल्या होत्या, आरशांवर ऊन पडून टेबलाच्या कापडावर कवडसे नाचत होते. हेमसिंग ओळीच्या टोकाला काठी टेकून उभा होता.

रामकिसनने घसा साफ केला आणि पहिलं नाव घेतलं. रुपाबाई पुढे झाली आणि "हाजर" म्हणाली.

मॅनेजरांनी वहीत पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, मग परत वहीत. वहीत वय होतं एक्कावन्न. समोर उभी होती पंचविशीची बाई. ते हसले. त्यांना वाटलं रामकिसनची चूक झाली असेल. त्यांनी तिला विचारलं की नानीबाई तूच का. रुपाबाईने मागे वळून हेमसिंगकडे पाहिलं.

हेमसिंग पुढे आला. खोटं बोलावं असं त्याच्या मनातही आलं नाही, कारण लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. उलट त्याला वाटलं की साहेब नवे आहेत, त्यांना आपल्या कामाची रीत सांगायची ही वेळ आहे. त्याने सांगितलं की नानीबाई चार वर्षांमागे वारली, ही तिची धाकटी सून, थोरली घरी पोरं सांभाळून आहे, एक महिना ही, एक महिना ती. मग त्याने, विचारलं नसताना, बाकीच्या घरांचंही सांगितलं. कोणाच्या जागी कोण कधी उभी राहिली, कोणाची नणंद, कोणाची लेक. सगळं त्याला तोंडपाठ होतं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला.

"साहेब, बारा साल झाले," तो म्हणाला. "माह्या एका बाईपायी एक दिवस रेचा उभा राह्यला असन तर या माणसाले विचारा."

मॅनेजरांनी रामकिसनकडे पाहिलं. रामकिसन वहीकडे बघत होता.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"मी फक्त नाव घेतो, साहेब," रामकिसन म्हणाला. "हाजर म्हटलं का खूण करतो."

हेमसिंगने त्याच्याकडे पाहिलं. रामकिसनचे कान लाल झाले होते. त्याच्या घरी लग्नाच्या दोन पोरी होत्या हे हेमसिंगला माहीत होतं, आणि पुढे कधीही त्याने या वाक्याबद्दल त्याला बोल लावला नाही.

मॅनेजर रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, हेमसिंगला नंतर वाटलं. रागावलेल्या माणसाच्या पाया पडता येतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं की ते समजू शकतात, पण कायम करायचं ते माणसाला करायचं असतं, घराला करता येत नाही. कोणती बाई किती दिवस उभी होती हे वहीतून सांगता येत नसेल तर जिचं स्वतःचं नाव वहीत नाही तिचे पाच हंगाम धरता येत नाहीत. हेमसिंग म्हणाला की वहीत नसलं तरी त्याला ते सगळं माहीत आहे, तो आता बसून सांगतो, कोणती अमावास्या, कोणती पौर्णिमा. मॅनेजरांनी मान हलवली. वरून तपासायला माणूस आला तर त्याच्यापुढे हेमसिंगची आठवण ठेवता येणार नाही, असं ते म्हणाले.

"मग एक करा," हेमसिंग म्हणाला. "मेलेल्या बाईचं नाव खोडा. हिचं लिहा."

"लिहितो ना. आजपासून लिहितो," मॅनेजर म्हणाले. "पण आजपासूनच."

वही आणि बाई यांचा मेळ बसला तो तिघींचा. जी वहीत होती तीच समोर होती आणि वयही जुळत होतं. दोघींची त्या दिवशी नेमकी आपली पाळी होती, तिसरी सोनीबाई. तिने अंगठा दिला, बिल्ला घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि कोणाकडे न बघता आपल्या रेच्यावर गेली. बाकीच्या एकोणीस जणी अंगणात उभ्याच होत्या. त्यांना नेमकं काय झालं हे कळायला थोडा वेळ लागला. मग एकेक करून त्या हेमसिंगकडे बघायला लागल्या.

हेमसिंगला मॅनेजरांनी संध्याकाळी परत बोलावलं. खुर्ची तशीच दिली. म्हणाले की त्याच्यासारखा माणूस कंपनीला हवा आहे, त्याला माणसांची पारख आहे. फाटकावर जमादार म्हणून त्याला कायम करता येईल. रोज सकाळी रामकिसन सांगेल तेवढ्या बाया बाहेरच्या गर्दीतून निवडून आत सोडायच्या, एवढंच काम. हेमसिंग म्हणाला की तांड्याला विचारून सांगतो. मॅनेजरांना त्याचं नवल वाटलं. त्यांनी विचारलं की नोकरी त्याची, त्यात तांड्याचं काय.

तांड्यात दोन रात्री वाद झाला. कोणी म्हणालं, आपला घात यानेच केला, तोंड मिटून राह्यला असता तर निभावून गेलं असतं. कोणी म्हणालं, निदान आपला एक माणूस फाटकावर राहील. शेवटी नायकाने त्याला एकट्याला जवळ घेतलं.

"जाय बापा," नायक म्हणाला. "तू नाई गेला तर दुसरा उभा राहीन. तो आपल्या बायाइले वळखनार बी नाई."

आणि दिवाळीनंतर हेमसिंग फाटकाशी उभा राहिला. खाकी कोट, पितळी बिल्ला, नंबर चार.

सुरुवातीला त्याने जुनीच रीत चालवायचा प्रयत्न केला. मनात बावीस घरं धरून आज या घरची, उद्या त्या घरची, असं तो सोडत गेला. पण फाटकापुढे आता फक्त त्याचा तांडा नव्हता. कारंज्यातल्या बाया होत्या, दुसऱ्या खेड्यांतल्या होत्या. एकोणीस रेच्यांना साठ जणी यायच्या. त्यात रामकिसनने त्याला एक नवा नियम सांगितला. फाटकावरची कोणतीही बाई लागोपाठ पंधरा दिवसांवर घ्यायची नाही. सोळाव्या दिवशी तिला बाहेर ठेवायचं, आठवडा गेला की परत घेता येईल, मोजणी पुन्हा एकपासून. हेमसिंगने विचारलं, काहून. रामकिसन म्हणाला, सलग झालं का मग हक्क लागते. हे सांगताना त्याने आवाज इतका खाली आणला की हेमसिंगला ते दोनदा विचारावं लागलं.

म्हणजे बदली आताही होतच होती. फरक इतकाच की आधी कोणी कधी उभं राहायचं ते घर ठरवायचं. आता घरी बसून पाळीची वाट बघण्यात अर्थ राहिला नव्हता. जी फाटकावर नाही ती कुठेच नाही. म्हणून प्रत्येक घरातून होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या बाया येऊ लागल्या. म्हाताऱ्यांच्या गळ्यात पोरं टाकून जावाजावा, नणंदा-भावजया एकाच फाटकाशी. सकाळी दाराशी खांद्याला खांदा लागायचा आणि हेमसिंगच्या नावाने हाका पडायच्या. काका, मले. काका, मी काल बी राह्यली. आधी त्या त्याला मुकादम म्हणायच्या.

तो कोणालाही घ्यायचा तरी कोणाचं तरी तोंड उतरायचं. घरी जाताना तो आता मागच्या वाटेने जायचा. एकदा त्याने मॅनेजरांना गाठून विचारलं की एका घराला एक जागा देता येईल का, बाई कोणतीही. मॅनेजरांनी ऐकून घेतलं. कागदावर लिहूनही घेतलं. पुढे त्याचं काही झालं नाही.

पौषात एका सकाळी थंडी फार होती. रामकिसनने आतून सांगितलं, आज सतरा. हेमसिंगने सोळा सोडल्या. एक राहिली. त्याने नजर वर केली तर समोर धनीबाई उभी होती, आणि तिच्या बाजूला, दोन हातांवर, रुपाबाई. दोघीही बाजाराच्या गाडीने नाही, रात्रीच निघून चालत आल्या होत्या. दोघींचे पाय धुळीने भरलेले. दोघींच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. धनीबाईचं ते जुनं निळं. रुपाबाईने स्वतःसाठी पांढऱ्या गाठोड्याच्या कापडातून नवं फाडून घेतलं होतं.

दोघींपैकी एकीनेही त्याला हाक मारली नाही. एकमेकींकडेही पाहिलं नाही. फडक्याच्या वर फक्त डोळे दिसत होते आणि ते त्याच्यावर होते.

हेमसिंगच्या मनात आलं की कोणाचा महिना आहे ते आठवावं. त्याला सगळं आठवत असे. पण आता कोणाचाच महिना नव्हता. धनीबाईला मागच्या आठवड्यात चार दिवस मिळाले होते, रुपाबाईला तीन. धनीबाईची दोन पोरं, रुपाबाईचं एक, तेही अजून अंगावर पिणारं. त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली.

"तुमीच ठरवा," तो म्हणाला. आवाज विनवल्यासारखा निघाला. "घरच्या घरात ठरवा ना, बाई."

धनीबाई हलली नाही. रुपाबाईही नाही. एवढी वर्षं पोर आणि फडकं एकमेकींच्या हातात देणाऱ्या त्या दोघी दगडासारख्या उभ्या राहिल्या. मागून गर्दीचा रेटा आला. भोंगा वाजला. आतून रामकिसन ओरडला की एक रेचा रिकामा आहे, लवकर. हेमसिंगलाही तो ऐकू येत होता, नुसता खडखडणारा. त्याने हात वर केला, पण तो कोणाकडेही दाखवता येईना. तेवढ्यात कारंज्यातली एक परकी बाई त्याच्या काखेखालून आत शिरली, आणि त्याने तिला अडवलं नाही.

सतरा झाल्या. फाटक लावायचं होतं.

रुपाबाईने तोंडावरचं पांढरं फडकं सोडलं, झटकलं आणि कमरेला खोचलं. धनीबाईने निळं तसंच राहू दिलं. मग आधी एक निघाली, आणि बरंच अंतर पडल्यावर दुसरी, धनजच्या त्याच वाटेने. हेमसिंग त्यांच्याकडे बघत राहिला. आतून कोणीतरी पुन्हा ओरडलं, तेव्हा त्याने दोन्ही हातांनी फाटक ओढून लावलं आणि आडणा घातला.

आत रामकिसन नावं लिहीत होता. परक्या बाईने आपलं नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि त्याने तिच्यापुढे पहिला दिवस असं लिहिलं.